बॅटरी बिलासाठी नको, सासूबाईंसाठी घ्या

पत्र

आमचं घर दापोली तालुक्यात, समुद्रापासून दोन-तीन किलोमीटर आत. २०२४ च्या डिसेंबरात सूर्यघर योजनेतून छपरावर तीन किलोवॅटचं सोलर बसवलं, सहा पॅनल. अनुदानाचे ७८ हजार खात्यात आले. बिल उतरलं, त्याबद्दल तक्रार नाही. आता वर्षभराचं सगळं मिळून साडेचार हजारांच्या आसपास येतं. तक्रार ही की लाइट गेली की सोलरही बंद! वर रखरखीत ऊन आणि घरात पंखा नाही. निसर्ग वादळात आम्ही तीन आठवडे अंधारात काढलेत, त्यामुळे पावसाळा आला की पोटात गोळा येतो. त्यात सासूबाई ८४ वर्षांच्या. गेल्या दिवाळीपासून त्यांना रात्री ऑक्सिजनचं मशीन लागतं, दोन लिटरवर. घरात साधा इन्व्हर्टर आणि एक जुनी बॅटरी आहे. मशीन लावलं की तासाभरात टीं टीं करायला लागतो.

सोलरवाल्याने हायब्रिड इन्व्हर्टर (सोलर आणि बॅटरी दोन्ही सांभाळणारा, लाइट गेल्यावरही चालणारा) आणि दहा युनिटची लिथियम बॅटरी सुचवली आहे: इन्व्हर्टर ९० हजार, पाच-पाच युनिटच्या दोन बॅटऱ्या दोन लाख २० हजार, काम ३० हजार. एकूण तीन लाख ४० हजार. म्हणतो, बिल शून्य होईल आणि सात वर्षांत पैसे वसूल. वाडीतला वायरमन म्हणतो, "काकी, खर्च कशाला? जुन्या इन्व्हर्टरची वायर सोलरला दाखवतो. त्याला वाटेल लाइट आहे, होईल चालू." ठाण्याचा मुलगा म्हणतो, बॅटऱ्या स्वस्त होतायत, दोन वर्षं थांबा. आमचे हे निवृत्त शिक्षक, रोज संध्याकाळी किती युनिट झाले ते वहीत लिहून ठेवतात. मे महिन्यात तेरा-चौदा, जुलैत चार-पाच, एक दिवस तर १.८ होता. कुणाचं ऐकावं?

— एक वाचक, दापोली तालुका

उत्तर

ताई, तुमच्या पत्रातली सगळ्यात कामाची गोष्ट तुम्ही शेवटी, जाता जाता लिहिलीत. ती वही. सोलरवाल्याच्या गुळगुळीत कागदापेक्षा मी तिच्यावर जास्त भरवसा ठेवीन. तिच्याकडे परत येतोच, पण आधी वायरमनचं बोलू, कारण तो उद्या सकाळी पक्कड घेऊन दारात उभा राहू शकतो.

त्याला चहा द्या आणि सोलरच्या वायरला हात लावू देऊ नका.

तुमचं सोलर ऑन-ग्रिड आहे. त्याचा इन्व्हर्टर स्वतः ताल धरत नाही. तारेवरून येणाऱ्या विजेचा ताल ऐकतो आणि त्यात आपली वीज मिसळतो. भजनात टाळकरी पखवाजाकडे कान लावून असतो, तसं. पखवाज थांबला की टाळ थांबतात. आणि ते मुद्दाम थांबवलेले असतात, बिघाड म्हणून नव्हे. विचार करा, वादळात तार तुटली आहे, लाइनमन पोलवर चढला आहे, आणि तुमच्या छपरावरची वीज उलटी तारेत चालली आहे. डीपीला, म्हणजे गावच्या ट्रान्सफॉर्मरला, दिशा कळत नाही. इकडून २३० व्होल्ट गेले तर पलीकडे ११ हजार होऊन निघतात. त्या माणसाने लाइन बंद केली आहे असं समजून हात घातलेला असतो. म्हणून लाइट गेल्या क्षणी सोलरने गप्प बसायचं, हा नियम जगभर आहे.

वायरमन म्हणतो ते अगदीच खोटं नाही. साध्या इन्व्हर्टरच्या आउटपुटला सोलर जोडलं तर ते फसून चालू होईलही. पुढे काय होतं ते बघा. दुपारचे बारा, पॅनल अडीच हजार वॉट देतायत, घरात फ्रिज आणि दोन पंखे मिळून तीनशे. उरलेले बावीसशे वॉट जाणार कुठे? बाहेरची वाट तर बंद. मग ते त्या बिचाऱ्या जुन्या इन्व्हर्टरच्या आउटपुटमधून उलटे आत घुसतात. तो वीज बाहेर टाकायला बनवलाय, आत घ्यायला नाही. बॅटरीत बेलगाम करंट जातो, व्होल्टेज चढतं, फ्रिजचं कार्ड जातं, बॅटरी उकळते. आणि नेमकी तेव्हाच लाइट परत आली तर दोन वेगवेगळ्या तालांतल्या विजा एकमेकींवर आदळतात. मी अशी एक जोडणी उघडून पाहिली आहे. आतलं बोर्ड भाकरी करपावी तसं काळं पडलं होतं. घराला आग लागली नाही हे त्यांचं नशीब. हे काम रीतसर करणारी यंत्रं असतात. ती ताल थोडा वाढवून सोलरला "बस, आता कमी कर" असं सांगतात. तुमचा जुना इन्व्हर्टर त्यांतला नाही.

आता सोलरवाला. त्याचं बिल शून्य आणि सात वर्षांत वसूल. तुमचंच गणित घ्या. वर्षाचं बिल साडेचार हजार. ते सगळंच्या सगळं वाचलं असं धरलं तरी तीन लाख ४० हजार वसूल व्हायला पंचाहत्तर वर्षं लागतील. आणि सगळं वाचणार नाहीच. बिल काढून बघा: स्थिर आकार म्हणून जी ओळ आहे, ती बॅटरी लावली तरी तिथेच राहणार.

मुळात नेट मीटर असताना बॅटरीने पैसे वाचतच नाहीत. दिवसा जादा झालेली वीज तुम्ही तारेत सोडता, रात्री तेवढीच परत घेता, युनिटला युनिट. महिन्याअखेर उरली तर पुढच्या महिन्यात धरतात, ३१ मार्चला खातं मिटवतात आणि शिल्लक युनिटना किरकोळ दर देतात. म्हणजे महावितरणची तार हीच तुमची बॅटरी आहे, फुकटातली, पाणी न घालायची. तीच वीज घरच्या बॅटरीत भरून काढायची तर हिशेब असा: पाच युनिटच्या बॅटरीचे एक लाख दहा हजार, घट जाऊन हातात येणार रोजचे सव्वाचार युनिट, अशी दहा वर्षं रोज वापरली तर सुमारे साडेपंधरा हजार युनिट. म्हणजे युनिटमागे सात रुपये, नुसते साठवण्याचे. जे काम तार मोफत करते त्याला.

मग हा सात वर्षांचा आकडा आला कुठून? माझा अंदाज, परदेशातल्या व्हिडिओंवरून. कॅलिफोर्नियात एप्रिल २०२३ पासून नव्या सोलरवाल्यांना तारेत सोडलेल्या विजेचे पैसे फार कमी मिळतात. तिथे दुपारची वीज घरात साठवून संध्याकाळी वापरणं परवडतं. तिथला हिशेब दापोलीत आणून चिकटवला की असं होतं. तुम्हाला अनुदान मिळालं तेही पॅनलच्या किलोवॅटवर, पहिल्या दोनला तीस-तीस हजार आणि तिसऱ्याला अठरा. बॅटरीला त्यात एक रुपया नाही.

एवढं सगळं लिहून झाल्यावर तुम्हाला वाटेल, हा बॅटरी घेऊ नका म्हणणार. घरात सासूबाईंचं मशीन नसतं तर तेच म्हटलं असतं. सध्याच्या इन्व्हर्टरला नवी ट्यूब्युलर बॅटरी लावा, पंखे-दिवे चालवा आणि उरलेल्या पैशात मुलाकडे ठाण्याला जाऊन या. पण मशीन आहे. म्हणून बॅटरी घ्या, फक्त ती कशासाठी घेतोय हे डोक्यात स्वच्छ ठेवून. ती बिलाची वस्तू नाही, औषधाच्या कपाटातली आहे. औषधाच्या कपाटाकडून वसुलीची अपेक्षा कोण ठेवतं?

तर रात्रीचा हिशेब मांडू. पाच लिटरच्या ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटरला साधारण साडेतीनशे वॉट लागतात. मागच्या पट्टीवर आकडा असेल, तो बघा. दोन लिटरवर ठेवलं म्हणून वीज त्या प्रमाणात कमी होत नाही, आतला कॉम्प्रेसर तोच फिरतो. रात्री दहा ते सकाळी सहा, आठ तास: २.८ युनिट. दोन पंखे: जुने पंचाहत्तर वॉटचे असतील तर १.२ युनिट, बीएलडीसी (कमी वीज खाणारे नवे पंखे) असतील तर तीस वॉटने अर्धा युनिटसुद्धा नाही. दिवे, मोबाईल आणि वायफाय धरून पाव युनिट. हायब्रिड इन्व्हर्टर स्वतः रात्रभर जागा राहण्यासाठी खातो ते पाव-अर्धा युनिट. हा खर्च कोणी सांगत नाही, पण असतो. फ्रिज रात्री बंद ठेवा. दार उघडलं नाही तर सकाळपर्यंत दुधाला काही होत नाही.

बेरीज बीएलडीसी पंख्यांसह चारच्या थोडी आत, जुन्या पंख्यांसह पावणेपाचच्या आसपास. पाच युनिटच्या लिथियम बॅटरीतून इन्व्हर्टरची घट जाऊन हातात येतात सव्वाचार. म्हणजे सासूबाईंच्या आणि तुमच्या खोलीतले दोन पंखे बदललेत की एका बॅटरीत रात्र निघते. पंख्यांना पाच-सहा हजार लागतील. न बदलता दुसरी बॅटरी घेतलीत तर एक लाख दहा हजार.

"पण दहा युनिट असतील तर दोन रात्री निघतील ना?" निघतील, एकदाच. इथे ती वही उघडायची. लाइट जाण्याचे दिवस कोणते? झाडं पडतात ते, वादळवाऱ्याचे, जून-जुलैचे. आणि नेमक्या त्याच दिवसांत वहीत चार-पाच लिहिलंय. चार-पाचातले एक-दीड दिवसाच्या फ्रिज-पंख्यात जातात, उरतात तीन-साडेतीन. एवढ्यात पाच युनिटची बॅटरीसुद्धा पुरती भरत नाही, दहाची कशी भरणार? मोठी विहीर खणली म्हणून उन्हाळ्यात झरा वाढत नाही. १.८ च्या दिवशी तर जवळजवळ काहीच भरणार नाही, त्या रात्रीची सोय वेगळीच करायला हवी.

ती सोय म्हणजे सिलिंडर. बी टाइपच्या सिलिंडरमध्ये साधारण दीड हजार लिटर ऑक्सिजन असतो. दोन लिटरने लावला तर बारा तास, म्हणजे एक रात्र पुरी आणि दुसरीची सुरुवात. दुसऱ्या बॅटरीने जी एक जादा रात्र मिळणार होती ती हा सिलिंडर तिच्या किमतीच्या अंशात देतो, आणि मशीनच बिघडलं तरी देतो. मशीन बिघडलं तर दहा काय, शंभर युनिट असून उपयोग नाही. तेव्हा पहिली खरेदी बॅटरीची नाही. सासूबाईंच्या डॉक्टरांना विचारून एक, जमल्यास दोन भरलेले सिलिंडर, रेग्युलेटर आणि पाना घरात आणा, आणि तो कसा उघडायचा ते दोघांनीही हाताने करून शिका. सिलिंडर चुलीपासून, देवघरातल्या समईपासून लांब, आणि पडणार नाही असा साखळीने भिंतीला बांधलेला. मुलगा म्हणतो तशा बॅटऱ्या स्वस्त होतायत हे खरं आहे, आणि फक्त बिलाचा प्रश्न असता तर मी त्याच्याच बाजूने बोललो असतो. सासूबाईंना हा पावसाळा काढायचाय.

आता बॅटरी कशाला जोडायची? दोन रस्ते आहेत. एक, तुमच्या सहा पॅनलना हात न लावता दोन नवी पॅनल, छोटा सोलर इन्व्हर्टर आणि बॅटरी असा वेगळाच संसार मांडायचा. तारेत काही सोडायचं नाही. बऱ्याच ठिकाणी मी हाच सुचवतो, कारण योजनेतल्या यंत्राला धक्का लागत नाही. पण तुमच्या वहीच्या हिशेबाने तीन किलोवॅट जिथे चार देतंय तिथे एक किलोवॅट सव्वा-दीड देईल. त्यात मशीन अर्धी रात्रही चालणार नाही. म्हणून तुमच्या घराला दुसरा रस्ता: सोलरचा आहे तो इन्व्हर्टर काढून त्या जागी हायब्रिड, म्हणजे लाइट गेल्यावरही सहाच्या सहा पॅनल कामाला लागतील. सोलरवाल्याने सुचवलेलं यंत्र बरोबर आहे, त्याने दिलेलं कारण चुकीचं आणि बॅटरी दुप्पट. तेव्हा त्याला सांगा: एकच बॅटरी, दोन लाख ३० हजार, आणि पुढे दुसरी जोडता येईल असं मॉडेल. काढलेला इन्व्हर्टर त्याला फुकट देऊ नका. वर्ष-दीड वर्ष वापरलेला, चालू. त्याची किंमत वळती करून घ्या.

त्याला चार प्रश्न मात्र तोंडावर विचारा. बॅटरी पार उतरली तर सकाळी नुसत्या उन्हावर यंत्र पुन्हा उठतं का? काही मॉडेलं बॅटरीत जीव असल्याशिवाय जागीच होत नाहीत. मोठ्या वादळानंतर हे पाचव्या दिवशी कळण्यात अर्थ नाही. माझ्या सहा पॅनलचं व्होल्टेज या इन्व्हर्टरला चालतं का? बॅटरीची रसायनं कोणती? लिथियम आयर्न फॉस्फेटच हवी, ती सहसा पेट घेत नाही, आणि आयईसी ६२६१९ (लिथियम बॅटरीच्या सुरक्षेचं मानक) ची चाचणी झाल्याचा कागद हवा. आणि शेवटचा, सगळ्यात महत्त्वाचा: बंद पडलं तर माणूस कुठून येणार? खेड-चिपळूणहून येणार असेल तर ठीक. "पुण्याला मेल करा" असं उत्तर आलं तर दुसरा सोलरवाला बघा.

स्वस्तात लेड-ॲसिडच्या चार बॅटऱ्या लावून भागेल का, असं कोणी विचारेलच. दीडशे ॲम्पिअरच्या चार म्हणजे कागदावर ७.२ युनिट. टिकवायच्या तर निम्म्याच वापरायच्या, म्हणजे ३.६. तुमच्या रात्रीला अपुऱ्या. शिवाय पाणी. आमच्या घरी पहिल्या बॅटऱ्या होत्या तेव्हा डिस्टिल्ड वॉटर संपलं म्हणून मीच, ज्याला हे सगळं कळतं तो मी, "एकदाच" म्हणून फिल्टरचं पाणी घातलं. मग ते एकदाच दर दोन महिन्यांनी होत गेलं. दुसऱ्या पावसाळ्यात बॅटऱ्या गेल्या. झाकणं उघडली तर प्लेटींवर पांढरं मीठ. चार्ज होताना हायड्रोजन सोडतात तो वेगळाच. तेव्हा लिथियमच.

बसवताना घराकडे बघा. पाच युनिटची बॅटरी पन्नास किलोच्या घरात असते. चिऱ्याच्या भिंतीला खुंट्या ठोकून टांगू नका, जमिनीवर लोखंडी स्टँड, फूटभर उंच. पडवीत नको, पाऊस तिरका आला की तिथवर येतो आणि खारी हवा वर्षभर असतेच. माजघराच्या कोपऱ्यात, हवा खेळेल अशी. इन्व्हर्टरच्या खालच्या फटींना बारीक जाळी लावून घ्या. हसाल, पण कोकणात इन्व्हर्टर जळण्याचं एक मोठं कारण पाल आहे. उबेला आत जाते, दोन टर्मिनलवर एकेक पाय ठेवते आणि स्वतःबरोबर चाळीस हजारांचं बोर्ड घेऊन जाते.

अर्थिंगचं मात्र हसण्यावारी नेऊ नका. जांभ्यात अर्थिंग धड लागत नाही, उन्हाळ्यात तर नाहीच. सोलर बसवलं तेव्हा तीन खड्डे केले असतील: पॅनलचा, इन्व्हर्टरचा, आकाशातली वीज जमिनीत नेणाऱ्या सळीचा. ते मीटर लावून पुन्हा मोजून घ्या. आणि एक बारकी गोष्ट, जी बरेच वायरमन सोडून देतात. लाइट गेल्यावर हायब्रिड बाहेरच्या तारेशी नातं तोडतो, तेव्हा बाहेरचा न्यूट्रलही तुटतो. घरातला न्यूट्रल त्या वेळी आपोआप अर्थला जोडला गेला नाही, तर कोणाला शॉक बसला तरी ईएलसीबी (शॉक बसताच वीज तोडणारा स्विच) पडणार नाही. जोडून झालं की सोलरवाल्यासमोर मेन स्विच पाडा आणि त्या अवस्थेत ईएलसीबीचं टेस्ट बटण दाबायला लावा. पण नुसतं बटण पुरेसं नाही, त्याची वाट ईएलसीबीच्या आतल्या आतच फिरते. एखाद्या सॉकेटमध्ये ईएलसीबी तपासायचं खास मीटर (साधा पेचकसवाला टेस्टर नव्हे) लावूनही तो पडतो का, हे त्याच्याकडून करून दाखवून घ्या.

घरातली वायरिंग दोन भागांत तोडून घ्या. बॅकअपवर फक्त सासूबाईंच्या खोलीतला सॉकेट, दोन पंखे, दिवे, वायफाय, आणि दिवसा फ्रिज. विहिरीचा पंप, गिझर, मिक्सर, इस्त्री बाहेरच्या बाजूला. एक हॉर्सपॉवरचा पंप चालताना साडेसातशे वॉटपेक्षा जास्तच घेतो, पण सुरू होताना त्याच्या कितीतरी पट ओढतो. मध्यरात्री कोणी चुकून पंपाचं बटण दाबलं आणि सगळी बॅकअप बसली तर मशीनही बसेल.

पुढची गोष्ट अशी की ती चुकली तर दोन लाख ३० हजार पाण्यात. बसवणारा माणूस घाईत सगळं कारखान्यातून आलं तसं सोडून जातो. बहुतेक हायब्रिड "सेल्फ-यूज" मोडवर येतात. म्हणजे संध्याकाळी ऊन गेलं की लाइट असतानाही घर बॅटरीवर चालतं. साडेदहाला बॅटरीत वीस टक्के उरलेत, आणि पावणेअकराला फणसाची फांदी तारेवर पडते. बॅटरी घेतलीत त्या रात्रीसाठी, आणि त्या रात्री ती रिकामी. म्हणून मोड "बॅकअप"वर, आणि मे अखेरपासून ऑक्टोबरपर्यंत राखीव पातळी ९० टक्क्यांवर. लाइट असताना बॅटरी वापरायचीच नाही. बिलाला काही फरक पडत नाही हे वर पाहिलंच, उलट बॅटरीचं आयुष्य वाढतं. महिन्यातून एकदा शंभर टक्के भरू द्या, आतले सेल एका पातळीला येतात.

कागदपत्रं. नेट मीटरिंगच्या करारात तुमच्या सध्याच्या इन्व्हर्टरची नोंद आहे. तो बदलायच्या आधी महावितरणच्या उपविभागात लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. सोलरवाला "ते मी बघतो" म्हणेल. बघू दे, पण पोचेची प्रत तुमच्या फायलीत हवी. योजनेत बसवणाऱ्यावर पाच वर्षांच्या देखभालीची जबाबदारी असते, ती नव्या इन्व्हर्टरलाही लागू राहील असं त्याच्याकडून लिहून घ्या. बॅटरीच्या वॉरंटीत "दहा वर्षं" मोठ्या अक्षरात असतं, त्याखालच्या बारीक ओळीत किती वेळा भरून-उतरून आणि शेवटी किती टक्के क्षमता उरेल ते असतं. यजमानांना चष्मा लावून ती ओळ वाचायला सांगा. शिक्षक आहेत, सोडणार नाहीत.

हे सगळं मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यापर्यंत उरकलं तर उत्तम, म्हणजे चाचणीला एक रात्र हातात राहील. मुलगा घरी आलेला असताना रात्री दहाला मेन स्विच पाडा. सिलिंडर उशाशी तयार ठेवा. मशीन, दोन पंखे, एक दिवा, वायफाय, एवढंच चालू. दर दोन तासांनी उठून बॅटरीचे टक्के वहीत लिहायचं काम मुलाला द्या, तरुण आहे. सकाळी सहाला पंधरा-वीस टक्के उरले असतील तर मांडणी बरोबर आहे. पाचलाच संपली तर कुठेतरी काहीतरी जास्त खातंय, बहुधा फ्रिज बंद करायचा राहिला असेल. नसेल तर मशीनचे वॉट पट्टीवरच्या आकड्यापेक्षा जास्त निघतील. वहीतलं ते पान मला पाठवा, आपण पुन्हा बेरीज करू.